उलटे आटे

शीळफाट्याच्या भंगारात ती
रिक्षांच्या सायलेन्सरखाली सापडली.
वजनावर घेतली. चौदा किलो, अडतीसचा भाव.
काट्यावर ठेवताना पोऱ्या म्हणाला,
"मावशी, गिअरची आहे, पण गिअर नाहीत."
मग त्याचे पैसे कमी कर, म्हटलं.
केले नाहीत.

ही चौथी.
आधीच्या तिघी गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली.
समोरच्या दारातली नवी सून विचारते,
मुलं किती तुम्हाला?
एकही नाही. सगळ्या मापाच्या सायकली मात्र आहेत.

दिवसा मी वागळे इस्टेटमध्ये कवळ्या घडवते.
अनोळखी हिरड्यांचे साचे, त्यांवर नंबर,
तोंड कुणाचं ते कधी कळत नाही.
तीच हत्यारं रात्री घरी आणून
आट्यांतला गंज काढते,
दाढेतली कीड काढावी तसा.

सीटची दांडी पाइपात रुतलेली.
पोलादात ॲल्युमिनियम, तीस वर्षं न हललेलं.
रॉकेल, अमोनिया, उकळतं पाणी, शिव्या.
सतराव्या दिवशी ती केसभर फिरली.
त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

उजवीकडच्या कपाला मात्र हरले.
पान्हा डावीकडे,
पान्ह्याला पाइप लावून डावीकडे,
पाइपावर उभी राहून डावीकडे.
राबोडीचा हनीफ फिटर बसून बघत होता.
चहा संपल्यावर म्हणाला,
"ताई, या बाजूला आटे उलटे असतात.
दोन दिवस तुम्ही घट्टच करताय."

निघाला. आत काळं पडलेलं वंगण,
अकरा छर्रे, त्यातले नऊ शाबूत.
आणि फ्रेमच्या पोटाला, रंगाच्या तीन थरांखाली,
खिळ्याने कोरलेलं:
शा. किहीमकर, चरई, १९९१.

सिनेगॉगच्या मागच्या गल्लीत
औषधवाल्याने जिना दाखवला.
शाऊल किहीमकर, वय चौऱ्याऐंशी,
जहाजावर इंजिनिअर होते.
कोबेहून आणलेली, सुटी करून, ट्रंकेतून,
कस्टमवाल्याला म्हणाले होते, शिलाई मशीन आहे.
मुलं अश्दोदला. गुडघे गेलेले.

मी मोबाइलवर फोटो दाखवत होते.
त्यांनी फोन हातात घेतला नाही.
रंग कोणता दिला, विचारलं नाही.
कुणी विकली, कुठे कुठे फिरली, काहीच नाही.
म्हणाले, "मागचा ब्रेक केकाटतो का अजून?"

मी सांगणारच होते अभिमानाने,
रबराचा पुढचा कोपरा रिमला आधी टेकवलाय,
मागे व्हिजिटिंग कार्डाइतकी फट,
आता लोण्यासारखा लागतो.
"केकाटतो," म्हटलं.

हसले. खालची कवळी होती,
आमच्या लॅबची नव्हे, घाईत घासलेली.
"येऊरच्या उतारावर कुत्री उठायची त्याने.
मी घंटा लावलीच नाही कधी."

घरी येऊन ब्रेक पुन्हा सैल केला.
बिघडवायला दोन तास गेले.
आधी नुसताच घासायचा,
मग थरथरायचा, पण गप्प.
नीट केलेलं मोजूनमापून बिघडवायचं
म्हणजे त्यालाही हात लागतो.

रविवारी पहाटे येऊर.
चढावर साखळी एकदा उतरली, मी तीनदा.
वर टपरी उघडली नव्हती.
झाडाला सायकल टेकवून उभी राहिले,
घाम वाळेपर्यंत, उगाच तिचे गिअर मोजत.

उतरताना पाटोणपाड्याच्या वळणावर
मागचा ब्रेक दाबला,
आणि तो आवाज,
कवळी घासताना चाक चुकीच्या कोनात टेकावं
आणि सगळ्या लॅबने माना वर कराव्यात, तसा.

रस्त्यात पसरलेली चार कुत्री उठली,
आळस देत बाजूला झाली.
पाचवं, तांबडं, म्हातारं,
डोकं उचलून बघत राहिलं.
उठलं नाही.

मीच वळसा घेतला.