अर्धी लाईन सोड

बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला,
पडद्यावर मात्र अमावास्या.
आणि आतून एक लांब भोंगा,
दम घेऊन पुन्हा तसाच लांब,
नंदुरबार स्टेशनाबाहेर सिग्नल न मिळालेल्या मालगाडीसारखा.

सुरतला भाविनीला फोन लावला.
'कसं वाजतंय, बाबा? लांब की आखूड?'
मी तोंडाने काढून दाखवलं, ती हसली.
मग मोबाइलच डब्याच्या पोटाला टेकवून धरला
आणि तिकडे ती ऐकत राहिली,
डॉक्टरीणबाईंसारखी.

'रॅम दिसतेय. आधी मागची वायर काढा.
आत हात घालण्यापूर्वी पत्र्याला बोट लावा,
अंगातली वीज उतरू दे.'

हे मला.
एकतीस वर्षं बोर्डात वायरमन होतो.
अकरा केव्हीच्या तारेला अर्थिंगचा रॉड लावल्याशिवाय
खांबावर चढलो नाही, कुणाला चढू दिलं नाही.
सुकलाल एकदाच विसरला.
लावलं बोट पत्र्याला. गुमान.

झाकण काढलं तर आत सगळं लाल.
गल्लीच्या टोकाला मिरचीची पथारी,
वारा फिरला की आमच्या घरातला गहूसुद्धा तिखट होतो.
वीस वर्षांचा तो भुगा
पंख्याच्या पात्यांवर, पट्टीच्या वायरीवर, फटीफटीत.
एक फुंकर मारली आणि
मी शिंकलो, स्वयंपाकघरात बायको शिंकली,
फोनवर नुसतं ऐकून पोरगीही.
'हाई काय मांडेल शे सकायपाईन?
भंगारमां दी टाका तो डबा!'

दोन हजार चारचा डबा. फरकाच्या पैशातून घेतलेला,
तिच्या एमएस-सीआयटीसाठी.
आता त्यात आहे काय, तर पत्त्यांचा डाव,
दुपारी लावायला.
पोरीला हे सांगितलेलं नाही.

'आता सगळं सुटं करा बाबा.
सीडीचा खण, फ्लॉपी, मोडेम, हार्डडिस्कची पट्टी.
दोन रॅममधली एकच ठेवा, चालू करा.
वाजलं तर ती काढून दुसरी.
अर्धी लाईन सोडायची, चार्ज करून बघायचं.
ट्रिप झाली तर फॉल्ट अलीकडे, नाही तर पलीकडे.'

माझा हात तिथंच थांबला.
हे वाक्य संगणकाच्या कुठल्या वर्गातलं नाही.
हे धडगावच्या घाटातलं.
पावसात फीडर गेला होता, तिच्या शाळेला सुट्टी,
ती जीपमध्ये मागे, दप्तर मांडीवर, आठ वर्षांची,
आणि मी खालून सुकलालला ओरडून सांगत होतो
हेच, याच शब्दांत, खांबामागून खांब.
ती झोपली आहे असं मला वाटलं होतं.

पहिली लावली: भोंगा.
दुसरी: भोंगा.
तिच्या कंपासपेटीतला खोडरबर अजून टेबलाच्या खणात,
एका बाजूने निळा.
रॅमच्या सोनेरी दातांवरून तो हलकेच फिरवला,
खाचेतला भुगा जुन्या ब्रशने काढला,
दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. टक्. टक्.
आणि एकच, आखूड, चिमणीएवढी बीप.
'झालं!' मी नाही, ती ओरडली.

पांढरी अक्षरं आली. तारीख: एक जानेवारी, दोन हजार दोन.
पुढे जायचं तर एफ-वन दाबा.
'आतली बटणासारखी बॅटरी संपलीय,
तीन व्होल्टची. घड्याळाच्या दुकानात मिळेल.'
तीन व्होल्ट!
आमच्या धंद्यात याला वीज म्हणत नाहीत.
आणि तेवढ्यावाचून बिचाऱ्याला
आज कुठला दिवस आहे ते कळत नाही.

एक स्क्रू उरला. कुठला, ठाऊक नाही.
शर्टाच्या खिशात टाकला.

'ठेवू का बाबा? साडेनऊची बस जाईल.'
पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं होतं.
'थांब,' मी म्हटलं, 'अजून वर येतोय.'
ती थांबली.
पंख्याची घरघर ऐकत बसलो, ती तिकडे, मी इकडे,
मध्येच कुणीतरी शिंकलं.