सुपावरचा हात

विद्यापीठात माझ्या डोक्याला तारा लावल्या होत्या.
समोर घड्याळ, उजव्या हाताखाली बटण.
सर म्हणाले, वाटेल तेव्हा दाब,
फक्त वाटलं कधी, तेवढा काटा लक्षात ठेव.

चाळीस वेळा दाबलं.
मग त्यांनी कागदावर रेष दाखवली:
हे बघ, तुला वाटायच्या आधीच
मेंदू निघालेला होता.
म्हणजे मी ठरवत होते तेव्हा
निर्णय चपला घालून दारात उभा.

केगावहून कुंभारीला दोन बस.
कंडक्टरनं विचारलं, कुठं?
आणि मी उत्तर माझ्या तोंडातून येताना ऐकलं.

अम्मा उंबऱ्यात, मांडीवर सूप.
पान, पानावर पत्र्याचा माप, कात्री,
चिमूटभर जर्दा, एक वळसा,
नखानं टोक दुमडलं, दोरा.
नजर समोरच्या नळावरल्या भांडणात.
पंचवीस झाल्या की ओठ आपोआप
इरवै ऐदु.

अम्मा, प्रत्येक विडी तू ठरवून वळतेस?
"ठरवत बसले तर हजार कधी व्हायच्या?"

मी तिला रेष समजावली.
मेंदू, काटा, बटण. बोटं थांबली नाहीत.
"हे आमच्या चेकरला सांग," म्हणाली.
"छाट काढताना तो विचारत नाही,
पान फाटकं होतं, का डोळे आले होते,
का रात्री तुझा बाप पिऊन आला होता.
बालमणी, शंभर कमी.
पैसे माझेच कापतो."

वहीत मी लिहिलं, जबाबदारी.
पुढं प्रश्नचिन्ह काढलं, खोडलं.

दिवा लागल्यावर तीच बोलली.
"मी नऊ वर्षांची असताना आईनं सूप दिलं.
तिला तिच्या आईनं.
तू सहावीत गेलीस, तेव्हा मंगळवार बाजारातून
लहान सूप आणलं होतं मी.
तुझ्या मांडीवर ठेवायला हात पुढं गेलाच होता."
मग?
"मग काय. परत घेतला."
का?
"काय की."

सरांच्या आलेखात अशी एक जागा आहे,
निघालेला हात आणि पोचलेला हात यांच्यामध्ये,
डोळ्याच्या उघडझापीएवढी.
कुणी म्हणतं, माणूस तेवढ्याच फटीत मोकळा असतो.
कुणी म्हणतं, फटीलाही कारण असतंच,
तेही आधीच निघालेलं असतं.
त्या दिवशी तिची बोटं दुखत असतील.
सूप महाग पडल्याचा राग असेल.
शाळेच्या गणवेशाचा मापच मोठा घेतला होता,
वाया जाईल असंही वाटलं असेल.
त्या दिवशी तिच्या डोक्याला तारा नव्हत्या.

ते लहान सूप अजून आहे.
चटणीचे शेंगदाणे आम्ही त्यात पाखडतो.
आज मी पाखडतेय आणि फोलपटं
सगळी माझ्याच तोंडावर येतायत.
वारा अक्कलकोट रस्त्याकडून आहे,
त्यात माझं काही नाही.

"वाऱ्याला पाठ कर की," अम्मा म्हणते,
विडीवरून मान वर न करता.

मी वळते.