हं

पहाटे साडेचारला पागेचा दिवा लावते तेव्हा
अकरा घोडे एकदम माना वळवतात.
बारावी, ती म्हातारी करडी, वळवत नाही.
ओट्स येणारच आहेत हे तिला ठाऊक असतं.
लीद उपसायची, भुसा पसरायचा,
बादल्यांवरचा बर्फ बुटाच्या टाचेनं फोडायचा.
लॉबस्टरच्या कारखान्यात एकवीस वर्षं काढली मी,
कवचं फोडून बोटांची टोकं पांढरी पडली होती.
तो बंद पडला. इथं निदान
हाताखाली येतं ते ऊबदार असतं.

मंगळवारी लीथ मॅकफी येतो, नालबंद,
पिकअपमध्ये ऐरण, गॅसची भट्टी, कालचं सँडविच.
मी त्याच्या हाताखाली.
म्हणजे घोड्याचं डोकं माझं, पाय त्याचे.
म्हणजे कानस दे, पकड दे, ती नको, दुसरी.
म्हणजे घोडी त्याच्या पाठीवर अंग टाकायला लागली
की तिच्या कानात काहीबाही बोलायचं.
मी आईच्या फ्रेंचमध्ये बोलते.
शिव्याच असतात बहुतेक, पण हळू दिल्या
की अंगाईसारख्या लागतात.

तापलेली नाल खुरावर टेकली की पिवळा धूर उठतो,
जळक्या केसांचा वास.
पहिल्या महिन्यात माझी बहीण मला
टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसवायची.
आता म्हणते, अंघोळ केलीस वाटतं, ओळखू आली नाहीस.

खिळ्याचं एक असतं.
नीट जात असेल तर दर घावाला
आवाज चढत जातो, कोरडा, कडक,
जिना चढल्यासारखा.
वाट चुकून आत, जिवंत भागाकडे वळला
तर आवाज बसतो.
ओल्या फळीवर ठोकावं तसा.
हे मला लीथनंच शिकवलं.
त्याचे बारीक आवाज गेलेत, फक्त जाडे उरलेत,
हे त्यानं शिकवलं नाही.

नाताळ सरल्यावरचा मंगळवार.
मिस टिग्निश, डावा पुढचा पाय, तिसरा खिळा.
आवाज बसला.
मी ऐकला.
लीथचा हात थांबला नाही.
खिळ्याचं टोक बाहेर आलं, त्यानं ते तोडलं, मुरडलं, घासलं.
चव्वेचाळीस वर्षं नाल ठोकणाऱ्या माणसाला
लॉबस्टर फोडणाऱ्या बाईनं काय सांगायचं?
मी घोडीच्या कपाळावरचा भोवरा खाजवत राहिले.
तिनं एकदा कान मागे पाडले.
मी तिलाच गप्प केलं.

शुक्रवारी ती तीन पायांवर उभी.
लीथनं खिळा उपसला
तसा मागोमाग काळा थेंब, मग पिवळा, मग वास.
गरम पाण्यात मीठ, पोटीस, चिकटपट्टी.
शनिवारची शर्यत गेली.
मालक डेल्बर्ट फोनवर ओरडत होता,
आणि लीथनं फोन वाईट कानाला लावला होता,
मुद्दाम की काय कोण जाणे.

मग उपड्या बादलीवर बसून म्हणाला,
"तुला ऐकू आलं होतं."
तो प्रश्न नव्हता.
"आलं होतं."
त्यानं फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.
बाहेर खाडीवर बर्फ तडकत होता.
ते त्याच्यापर्यंत पोचलं का, माहीत नाही.

आता तो दर घावानंतर थांबतो.
मान वर करत नाही. विचारत नाही.
गोष्ट सांगणारा थांबतो ना,
समोरचा जागा आहे की झोपला ते बघायला, तसा.
माझा आवाज कारखान्याच्या गारठ्यानं घोगरा झालेला,
तो त्याला ऐकू येतो.
मी म्हणते, हं.
घाव.
हं.

काल सहाव्या खिळ्याला मी काही बोलले नाही.
त्यानं हातोडा उलटा केला, खिळा उपसला,
उजेडात धरला, जिभेला लावून पाहिला.
कोरडा होता. चूक माझीच असेल.
डब्यात टाकला.
"दुसरा दे," म्हणाला.