मधली ओल

दूध संकलन केंद्राच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये
माझ्या ताब्यात एक भिंत आहे.
कांद्याच्या सालीएवढी. आणि खरं तर पाण्याचीच:
बारीक छिद्रांत तोलून धरलेलं खारं पाणी,
त्यात थोडं अमाइन. झाकण उघडलं की मासळीचा वास येतो.

अलीकडून गोठ्याचा वायू येतो,
शेणाचा, कुटाराचा, तेरवीतल्या उरल्या बुंदीचा.
त्यातल्या कर्बवायूला पाणी ओळखतं.
तो शिरतो, नाव बदलतो, त्या नावानं भिंत ओलांडतो,
पलीकडे पोचला की जुनं नाव परत घेतो.
मिथेनशी पाणी बोलत नाही.
"काहून वो?" शेणाचं टोपलं रिकामं करता करता
अन्साबाई विचारते, "त्यानं काय केलं बिचाऱ्यानं?"
काही केलं नाही, म्हणूनच.
तो इकडेच राहतो. चुलीवर तोच जातो.

रजिस्टरवर मी सही करते: पुष्पकला उजागरे.
अन्साबाईला वाचता येत नाही,
पण मधली सहा वर्षं माझं आडनाव दुसरं होतं
हे तिला पाठ आहे. विचारत नाही.

मेच्या अठरा तारखेला, सेहेचाळीस अंशांवर,
भिंत वाळली.
आवाज नाही. नुसता काटा उतरू लागला,
ब्याण्णव, चौऱ्याऐंशी, एकोणसत्तर,
आणि ज्योत बर्नर सोडून वर उडायला लागली.
दसरू कोटनाकेकडून मी खर्र्याच्या चुन्याची डबी मागितली,
चुना ढवळला, निवळू दिला,
वरच्या पाण्यात नळी सोडली.
दूध झालं.
"म्हशीपेक्षा जास्त फॅट लागन याले," दसरू म्हणाला.

मग केंद्रातल्या कूलरच्या ताट्या उपसल्या,
वाळा पिंपात कोंबला, भिजवला,
वायूला त्यातून यायला लावलं.
पंखा गरम हवा फेकत राहिला, सचिव शिव्या.
भिंतीला नवं पाणी पाजलं,
तापातल्या पोराला पाजतात तसं, घाई न करता.

साडेनऊला अन्साबाईनं चहा ठेवला.
ज्योत निळी, बुडाला चिकटून.
बाटलीतलं चुन्याचं पाणी अर्धा तास बुडबुडत राहिलं,
त्याच्यातून दसरूची सायकल दिसत होती, वाकडी.
तो डबी न्यायला आला होता.
"रिकामीच केली का वो?"
उद्या भरून देते, म्हटलं,
आणि ओल पाहायला पुन्हा शेडमध्ये गेले.