सव्वाशे किलोमीटर, पस्तीस मिनिटं

मी माणसं तोलतो.
आधी सामान, मग माणूस, चपलांसकट.
एकोणीस आसनांचं विमान, त्याला हलकं-भारी लगेच कळतं.
आकडा कुणाचाही मोठ्यानं वाचत नाही.
शाळेच्या मोठ्या बाईंनी त्याबद्दल
एकदा मला अननस आणून दिला होता.

आपिया ते पांगो पांगो:
सव्वाशे किलोमीटर, पस्तीस मिनिटं,
वारा समोरून असला तर चाळीस.
घड्याळाला हात लावायचा नाही,
तिथंही तेवढेच वाजलेले असतात.
फक्त वार मागे घ्यायचा.
इथून शुक्रवारी उडायचं,
तिथं गुरुवारी उतरायचं.

पर्यटकांना याची गंमत वाटते.
वाढदिवस दोनदा करतात,
अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्या पिशवीतून नेतात.
माझ्या पुतण्याला नाही वाटत.
सरकारनं तारखेची रेघ पलीकडे सरकवली त्या वर्षी
आमच्याकडे तीस डिसेंबर उजाडलाच नाही,
आणि हा नेमका तीसचा.
अजून म्हणतो, कुणाकडे तरी माझा एक केक बाकी आहे.

आज तोरिसे आली.
साठ किलो. मागच्या खेपेला सदुसष्ट होती.
काखेत गुंडाळलेली बारीक विणीची चटई,
लग्नाला नेतात तशी
किंवा मयताला.
मी विचारलं नाही. चटई तीन किलो भरली.

तीच म्हणाली, आई पहाटे गेली.
ही एतुआतेच्या नावानं विणत होती,
एक कड उघडीच राहिलीय.
तो तिकडे, मासळीच्या कारखान्यात, दिवसपाळीला.
फोनवर नाही सांगितलं.
समोर बसून सांगेन म्हटलं.

आणि काट्यावरून न उतरताच:
तिथं अजून गुरुवार असेल ना?
गुरुवारी दुपारी आई उठून बसली होती.
पपईचं सूप मागितलं,
नारळाचं दूध कमी घातलंस म्हणून
माझ्यावर ओरडली पण.

आता यावर काय बोलणार.
सूर्य एकच आहे, आजची पहाट तिथंही होऊन गेलीय,
बंदरावर, कारखान्याच्या पत्र्यांवर,
एतुआतेच्या डब्यावर.
रेघ नकाशात असते, पाण्यात नसते.
हे मी शाळेच्या सहलींना दहादा समजावलंय.

तिला म्हटलं, हो. गुरुवारच.
पोचाल तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतील.

तिनं मान हलवली, जशी कुणी वेळ ठरवून घेतं.
तिला पंखाजवळची जागा दिली, तिथं कमी हलतं.

परतीची तिकिटं दोन होती, शनिवारी इथं पोचणारी.
म्हणजे तिथून शुक्रवारी निघतील.
शुक्रवार तिथंही येईल, उद्याच,
पहाटेसकट.
हे सांगायला हवं होतं का?
तोवर पंखे फिरायला लागले होते.

पुढचा माणूस काट्यावर चढला,
चपला हातात घेऊन.
म्हटलं, घाला हो.
हातात धरल्या तरी तेवढंच भरतं.