टेबलावर हशा नाही

सेमिनरी हिल्सच्या स्टुडिओत माझ्या ताब्यात दोन फिती होत्या.
एकीवर हेलिकॉप्टर,
म्हणजे इतवारीतून आणलेला कूलरचा पंखा
पात्याला पोस्टकार्ड घासत फिरणारा.
दुसरीवर हशा.
धनवटे रंगमंदिरातल्या कुठल्याशा फार्सचा, रविवार दुपारचा.
त्यात एक बाई सगळ्यांच्या नंतर हसते,
एकटीच,
तिला आत्ता कुठे कळल्यासारखी.

देवपुजारी सरांचे नियम फळ्यावर असत, खडूने.
विनोद रंगात आला की हेलिकॉप्टर.
दर सहाव्या भागात सिस्टर घरी पत्र लिहील
(पत्राचा भाग स्वस्त पडतो: एक खाट, एक कंदील).
शत्रू दिसणार नाही.
आणि खाली, दोनदा अधोरेखित:
टेबलावर हशा नाही.

मास्क वर गेला की माझा अंगठा खाली यायचा.
धनवटेचं सगळं सभागृह
एका खटक्यात गप्प.

डिसेंबर आम्ही मे महिन्यात उरकला.
कूलर बंद, कारण आवाज येतो.
स्वेटर घातलेले जखमी निथळत पडलेले,
रक्त बीट आणि काकवीचं,
दुपारपर्यंत जखमांना मुंग्या लागायच्या.

युद्ध तेरा दिवसांचं. आमचे भाग एकशे सतरा.
त्या तेरा दिवसांत कॅप्टन सातपुतेचे कल्ले पिकले,
स्वयंपाक्याचं पोट सुटलं,
आणि भाग बासष्टला कारकून नाहीसा झाला,
कारण तो नट गोंदियाला बँकेत लागला.
निरोप लिहायला वेळ नव्हता.
खाटेवरची चादर तेवढी बदलली.

बाबा कामठीला बसून बघायचे.
हवालदार तुळशीराम गजभिये, निवृत्त,
त्या डिसेंबरात बावीस वर्षांचे, तंबूत कंदील धरणारे.
चादरीपाशी म्हणाले, "हे बरोबर हाये."
पत्राला म्हणाले, "हात कोनाचे मोकळे होते?"
आणि मग एका रात्री,
"थ्या टेबलापाशी हासू काऊन बंद करता वं?"

सर म्हणतात, मरणाचा मान.

"एकाचं पोट उघडं होतं.
मेजर साहेबानं गोळी शोधली, तं निंगालं बटन.
त्याच्याच कोटाचं.
साहेब म्हने, शिवा याले,
पन बटन परत कोटाले लावजा, सरकारी हाये.
आमी हासलो. असे हासलो का कंदील हालला.
साहेब शिव्या दे, गजभिये, उजेड धर!
अन् स्वतःच हासे."
मग?
"मंग काय. टाके घातले."
वाचला तो?
बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.
माझी हेलिकॉप्टरं येत होती.

मी सरांना सांगितलं.
सर म्हणाले, लोकांना कसं कळणार, कशाला हसायचं ते?
फळा तसाच राहिला.

आता मी मेडिकलमध्ये, वॉर्डाबाहेरच्या बाकावर.
बाबा पंचाहत्तरी ओलांडलेले,
कूलरची खस बदलताना स्टुलावरून पडले.
खुबा.
कमरेखालीच भूल देतात, म्हणाली पोरसवदा डॉक्टरीण,
आजोबा जागे असतील, घाबरू नका.
दारावर लाल दिवा.
शेजारची बाई संत्र्याची फोड सोलते, पुन्हा पदरात ठेवते.
खिडकीतला कूलर खडखडतो,
आणि इतक्या वर्षांनीही मी वर बघते,
कोण येतंय जखमी.

तेवढ्यात आतून हशा.
चार-पाच जणांचा, मास्कमागचा, कापडात अडकलेला.
बाक गप्प झालं.
कुणीतरी म्हणालं, लाज नाही वाटत?

माझा अंगठा मांडीवर खाली आला, सवयीनं.
थांबला.
आत सगळे शांत झाले,
एखादं हत्यार ट्रेमध्ये पडलं,
आणि मग सगळ्यांच्या नंतर
एकच म्हातारा आवाज हसला,
कामठीचा.