हातात काहीतरी

रेडिओत आधी तिचा श्वास येतो, मग पत्ता.
"सतरा, मिल्क नदीपल्याड, निळं घर.
माणूस अंगणात. हातात काहीतरी."
डार्लीन स्कोगेन हे अशा आवाजात सांगते
जणू विणकामाचे टाके मोजतेय:
दोन सुलट, एक उलट, पुढे.
ॲक्सिलरेटरवर माझा पाय तेवढाच राहतो.

गेल्या जानेवारीत ती रजेवर होती.
तिच्या खुर्चीत नवा मुलगा, केलब.
शब्द तेच. अगदी तेच.
फक्त "हातात" म्हणताना आवाज चिरकला
आणि ती चीर
मोंटानाचं नऊ मैल बर्फ ओलांडून
माझ्या मनगटात शिरली.
पोचलो तेव्हा पिस्तूल बाहेर होतं.
कधी काढलं, अजून आठवत नाही.

म्हातारा उलथन्याने
गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता.
उलथनं. त्याला अंडंही चिकटलेलं होतं.
"बायकोला डायलिसिसला न्यायचंय," म्हणाला,
दोन्ही हात वर.

केलबला मी काही बोललो नाही. कॉफी दिली.
त्याच्याकडे ती भीती फोनवरच्या शेजारणीकडून आलेली,
तिच्याकडे कुठून, देव जाणे.

काल पहाटे किल्ली आणायला
डिस्पॅचच्या खोलीत गेलो.
डार्लीन बोलत होती, सपाट, संथ.
कुणाचं तरी बाळ श्वास घेत नव्हतं.
मोजत होती: एक, दोन, आता फुंक.
टेबलावर पेन्सिलींचा डबा,
आणि त्यातली एकूण एक पेन्सिल
टोकापासून मधोमधपर्यंत
चावलेली.